दूर बसलेल्या टीमचं काम कसं चालवायचं: नव्या टीम लीडसाठी पायरी-पायरीने

मी नुकताच टीम लीड झालो होतो. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करता करता एका सहकारी मुलीला मेसेज टाकला, 'सोमवारी जरा बोलायचं आहे.' नवा प्रकल्प तिच्याकडे सोपवायचा होता, एवढंच. सोमवारी ती कॉलवर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. दोन रात्री तिला झोप नव्हती. नोकरी जाणार असं तिने धरूनच ठेवलं होतं आणि खर्च कुठे कमी करता येईल याचा घरी हिशोबही करून झाला होता. एकाच खोलीत बसत असतो तर मी हसत हसत सांगितलं असतं आणि तिला क्षणात कळलं असतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे. जिथे माहिती पोचत नाही तिथे माणसं अंदाज बांधतात, आणि मॅनेजरच्या मौनाचा अंदाज सहसा वाईटच बांधला जातो. खालच्या सगळ्या पायऱ्या टीमवर अंदाज बांधायची वेळ कमीत कमी यावी यासाठी आहेत.

'आमची टीम काही रिमोट नाही, एक मजला सोडून बसते' असं कुणी म्हणत असेल तर त्यानेही पुढे वाचावं. एमआयटीचे प्राध्यापक थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात इंजिनिअर एकमेकांशी किती वेळा बोलतात हे मोजलं होतं. टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटत होतं आणि साधारण ५० मीटरच्या पुढे नियमित बोलणं फारसं उरतच नव्हतं. म्हणजे वेगळा मजला आणि वेगळा देश यांत वाटतो तेवढा फरक नाही.

पायरी १: कोण कुठे आहे आणि कधी जागं आहे, ते एका कागदावर आणा

पहिल्याच दिवशी एक साधा तक्ता करा: प्रत्येकाचं शहर, कामाची वेळ, जेवणाची किंवा मुलांना शाळेतून आणायची वेळ, आणि कोणत्या वेळी अजिबात फोन करायचा नाही ते. हा तक्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवा. मग सगळ्यांच्या कामाच्या वेळा कुठे एकमेकांवर येतात ते बघा. दोन-तीन तास सापडले तरी पुरेसे असतात. ते तास बोलण्यासाठी राखून ठेवा आणि एकट्याने करायची कामं त्या वेळात कुणावर टाकू नका.

घड्याळांचा गोंधळ नवख्यांना हमखास भोवतो. अमेरिकेत घड्याळं उन्हाळ्यापुरती, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, एक तास पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे एरवी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये असणारा पाच तासांचा फरक मधले दोन-तीन आठवडे चार तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटीही आठवडाभर असंच होतं, कारण युरोपातली घड्याळं आधी मागे येतात आणि अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. भारत, जपान अशा देशांत घड्याळ हलवतच नाहीत, आणि सिडनीत उन्हाळा उलट्या महिन्यांत असल्याने तिथे सगळंच उलटं. कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकताना ती कोणत्या शहराच्या वेळेला बांधली आहे ते बघा आणि मार्च-ऑक्टोबरमध्ये आठवडाभर आधी टीमला आठवण करा.

तारखेचंही तसंच. ०३/०४ हे कुणासाठी तीन एप्रिल असतं आणि कुणासाठी चार मार्च. एक तर महिन्याचं नाव अक्षरात लिहा, नाहीतर वर्ष-महिना-दिवस हा क्रम वापरा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ हाच क्रम सांगतं. 'उद्या सकाळी', 'दिवसअखेर', 'वीकेंडच्या आधी' हे शब्द तर बादच करा. कुणाची सकाळ, कुणाचा दिवस?

पायरी २: कोणती गोष्ट कुठे बोलायची, ते ठरवा आणि लिहून ठेवा

चॅट, ईमेल, फोन, व्हिडिओ कॉल, कामांचा बोर्ड (प्रत्येक कामाचं एक कार्ड असलेला ऑनलाइन फळा), शेअर केलेली डॉक्युमेंट्स. एवढ्या जागा असल्या की माणूस सगळीकडे डोकावत बसतो आणि तरी काहीतरी सुटतंच. एका पानाचा करार करा. मी साधारण असा करतो: सर्व्हर बंद पडलाय किंवा ग्राहकाचं काम थांबलंय, तर फोन. आजच्या आज उत्तर हवं, तर चॅट. उद्यापर्यंत चालेल, तर ईमेल. एखाद्या कामाबद्दलचं बोलणं त्या कामाच्या कार्डाखालीच. आणि निर्णय कुठेही झाला तरी तो निर्णयांच्या वहीत (ती कशी ठेवायची ते पुढच्या पायरीत).

करारात एक ओळ जरूर घाला: कामाच्या वेळेबाहेर आलेल्या मेसेजला उत्तर देणं बंधनकारक नाही. आणि ती ओळ आधी स्वतः पाळा. लीड रात्री ११ वाजता मेसेज टाकतो आणि वर लिहितो, 'सकाळी बघितलंस तरी चालेल.' पण समोरच्याचा फोन वाजलेला असतो, त्याने तो पाहिलेला असतो आणि आता त्याला झोप लागत नाही. जवळजवळ सगळ्या चॅट आणि ईमेलमध्ये मेसेज ठरलेल्या वेळी पाठवायची सोय आहे. रात्री सुचलं तर रात्री लिहा, पण त्याच्या सकाळी पाठवा.

कामाचं बोलणं शक्यतो टीमच्या सामायिक चॅनेलवर ठेवा, खाजगी चॅटमध्ये नको. याची सवय लागायला वेळ लागतो, कारण चारचौघांत प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो मोडायचा सोपा मार्ग म्हणजे लीडने स्वतः सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे, अगदी साधेसुद्धा. कुणी तुम्हाला खाजगीत चांगला प्रश्न विचारला तर म्हणा, 'हा सगळ्यांच्या कामाचा आहे, चॅनेलवर टाकशील? तिथेच उत्तर देतो.'

पायरी ३: लिहायला शिका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण दूरच्या टीमच्या लीडचं निम्मं काम लिहिण्याचं असतं आणि हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

आपण लिहिलेलं समोरच्याला कळलं असेलच, असं आपल्याला वाटतं. ही समजूत किती खोटी आहे, हे दोन प्रयोगांत छान दिसतं. स्टॅनफर्डमध्ये १९९०मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना ओळखीच्या गाण्यांची चाल बोटाने टेबलावर वाजवायला सांगितली आणि समोरच्याने गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी गाणी ओळखली जातील. वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. दुसरा प्रयोग जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांचा, २००५चा. ईमेलमधलं वाक्य गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, हे वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा थोडंसंच बरं. तेच वाक्य आवाजात ऐकवलं तेव्हा ७३ टक्के वेळा बरोबर कळलं.

यातून दोन सवयी लावून घ्या. पहिली, लेखी मेसेजमध्ये टोमणा आणि उपरोध कधीच नको, कितीही जवळचा सहकारी असला तरी. दुसरी, डोक्यात वाजणारं गाणं कागदावर उतरवा. बघा, हा मेसेज रोज हजारो वेळा जात असेल:

'तो रिपोर्ट बघून सांग ना, जरा अर्जंट आहे.'

कोणता रिपोर्ट? काय बघायचं, आकडे की भाषा? अर्जंट म्हणजे तासाभरात की आज? वाचणारा एक तर तीन प्रश्न विचारेल किंवा अंदाजाने काहीतरी करेल. तुमच्या आणि त्याच्या वेळेत आठ तासांचा फरक असेल तर ते तीन प्रश्न सुटायला दोन दिवस जातात. तोच मेसेज असा लिहा:

'मासिक विक्री रिपोर्टचा मसुदा शेअर केलाय, लिंक खाली आहे. पान ३ वरचे आकडे मागच्या महिन्याच्या फाइलशी जुळतात का, एवढंच बघायचं आहे. भाषा आणि मांडणी नंतर पाहू. बुधवारी तुझ्या वेळेनुसार दुपारी ४ पर्यंत कळलं तर मी संध्याकाळी ग्राहकाला पाठवू शकेन. जमणार नसेल तर आजच सांग, मी दुसऱ्या कुणाला विचारतो.'

यात काय हवं आहे, काय नको आहे, कधीपर्यंत, कशासाठी आणि जमलं नाही तर काय, हे सगळं आलं. लिहायला दोन मिनिटं जास्त लागली. शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा मिळते, आणि ती जागा नसली की माणूस 'हो' म्हणून गप्प बसतो.

नुसतं 'हाय' किंवा 'आहेस का?' लिहून थांबू नका. नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये लिहा. तुम्ही ऑफलाइन गेलात आणि समोरच्याने 'हो, बोल' म्हटलं, की एक दिवस वाया गेला.

तुमच्या टीममध्ये वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं असतील तर वाक्यं छोटी ठेवा आणि म्हणी, वाक्प्रचार टाळा. 'हो' या शब्दाकडेही लक्ष द्या. काही जणांसाठी 'हो' म्हणजे 'ऐकलं', काहींसाठी 'पटलं', काहींसाठी 'करतो'. शंका असेल तर विचारा, 'म्हणजे हे शुक्रवारपर्यंत तू करतोयस, असं धरू ना?'

आता निर्णयांची वही. शेअर केलेलं एक साधं डॉक्युमेंट पुरतं. प्रत्येक निर्णयाला चार-पाच ओळी: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कुणी ठरवलं, आणि कोणते पर्याय का सोडले. शेवटचा भाग सगळे गाळतात. सहा महिन्यांनी नवा माणूस येतो आणि विचारतो, 'आपण हे असं सोपं का करत नाही?' सोडलेल्या पर्यायाचं कारण लिहिलेलं नसेल तर तोच वाद पुन्हा पहिल्यापासून होतो, आणि जुन्यांनाही कारण नीट आठवत नसतं.

पायरी ४: काम सोपवताना शेवट आधी सांगा

काम सोपवताना आपण बहुधा कृती सांगतो: 'लॉगिनचं पान बदल.' ऑफिसात समोरचा दहा मिनिटांनी खुर्ची वळवून विचारतो आणि भागतं. दूर बसलेला माणूस चार दिवस काम करून चुकीची गोष्ट अगदी सुंदर करून आणतो. दोष त्याचा नसतो.

म्हणून काम संपलं म्हणजे नेमकं काय झालेलं असेल, ते आधी लिहा. 'पासवर्ड विसरलेल्या माणसाला आपल्याला फोन न करता परत आत येता आलं पाहिजे, मोबाइलवरसुद्धा.' यात काय येत नाही तेही लिहा. आणि कोणते निर्णय तो स्वतः घेऊ शकतो, कोणते तुम्हाला विचारून, हे तर नक्कीच. ही शेवटची ओळ नसली की चांगली माणसंसुद्धा प्रत्येक गोष्टीला परवानगीची वाट बघत बसतात. कुणीतरी उठून त्यांच्यापर्यंत येईल अशी सोय दूरच्या टीममध्ये नसते.

नवीन किंवा मोठं काम असेल तर समोरच्याला म्हणा, 'तुला काय कळलं ते चार ओळींत लिहून पाठव.' परीक्षा घेतोय असं वाटू नये म्हणून कारणही सांगा: मी नीट सांगितलं का, हे मला तपासायचं आहे. मग पहिली तपासणी काम निम्मं झाल्यावर ठेवू नका, फार लवकर ठेवा, दहा-वीस टक्क्यांवर. कच्चा, अर्धवट, चुकांनी भरलेला मसुदा दाखवणं ही टीममध्ये अगदी साधी गोष्ट वाटली पाहिजे. तुम्ही स्वतःचे कच्चे मसुदे दाखवलेत तरच ती तशी वाटेल.

पायरी ५: मीटिंग कमी, पण नीट

पाच जणांच्या टीममध्ये दोघा-दोघांच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५, वीस जणांत १९०. माणसं दुप्पट झाली की बोलण्याच्या वाटा चौपटीहून जास्त वाढतात. त्यामुळे टीम वाढली की 'सगळ्यांना बोलावू या' हा उपाय आपोआप महाग होत जातो.

माझा नियम असा: नुसती माहिती द्यायची असेल तर लिहा. मतभेद मिटवायचे असतील, एकत्र डोकं लावायचं असेल किंवा कुणाला मानाने, मायेने काही सांगायचं असेल तर भेटा. रोजचं 'काल काय केलं, आज काय करणार' हे तर लेखीच चांगलं. प्रत्येकाने आपल्या दिवसाच्या सुरुवातीला तीन ओळी टाकायच्या. त्यात मी क्रम उलटा ठेवायला सांगतो: आधी 'कुठे अडकलंय', मग बाकीचं. अडकलेलं शेवटी लिहायला सांगितलं की लोक 'काही नाही' लिहून मोकळे होतात.

मीटिंग ठेवलीच तर निमंत्रणात एका वाक्यात लिहा की शेवटी हातात काय हवं आहे. वाचायचं काही असेल तर आदल्या दिवशी पाठवा, आणि तरी पहिली पाच-सात मिनिटं सगळ्यांनी शांतपणे वाचण्यासाठी ठेवा. वाचून न आलेल्यांना लाज वाटत नाही आणि चर्चा एकाच पानावरून सुरू होते. शेवटची पाच मिनिटं काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत यासाठी. ते मोठ्याने वाचा, तिथेच लिहा, चॅनेलवर टाका.

'कुणाला काही प्रश्न?' हा प्रश्न व्हिडिओ कॉलवर कामाचा नाही. दोन सेकंद शांतता, सगळे म्यूटवर, 'चला मग.' आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे मध्ये बोलायची फट सापडत नाही, आणि जो अवघडतो तो अवघडलेलाच राहतो. नाव घेऊन विचारा, पण अचानक नको. 'आता टेस्टिंगच्या बाजूने काय अडचण दिसते ते ऐकू, मग डिझाइन' असं आधी सांगा म्हणजे त्यांना दोन मिनिटं मिळतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. फार वेळ वाटतो, पण तेवढ्यात कुणीतरी बोलतंच.

निम्मे लोक एका खोलीत आणि निम्मे पडद्यावर, हा प्रकार सगळ्यात अन्यायाचा. खोलीतले एकमेकांकडे बघून हसतात, फळ्यावर काहीतरी काढतात, पडद्यावरच्यांना अर्धवट ऐकू येतं. एक जण जरी पडद्यावर असेल तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यावं. खोलीतल्यांना हे विचित्र वाटतं, पण आठवडाभरात सवय होते.

कॅमेरा सक्तीचा करू नका. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली होती: चेहरे फार जवळून आणि सतत डोळ्यांत डोळे घालून दिसणं, स्वतःचा चेहरा सारखा समोर असणं, एका जागी खिळून बसावं लागणं, आणि देहबोली वाचण्या-दाखवण्यासाठी डोक्यावर पडणारा जास्तीचा ताण. चारही कारणांवर सोपे उपाय आहेत. खिडकी लहान करा, स्वतःचं चित्र लपवा, काही कॉल नुसत्या आवाजावर चालत चालत करा. एकास एक बोलताना चेहरा दिसणं छान असतं. पंधरा जणांच्या कॉलमध्ये त्याने फारसं काही साधत नाही.

आणि वेळा फिरत्या ठेवा. एकाच शहरातल्या माणसाने दर वेळी रात्री १० वाजता बसायचं, हे कितीही हसतमुखाने तो करत असला तरी चुकीचं आहे. लीडचीही पाळी आली पाहिजे.

पायरी ६: प्रत्येकाशी एकट्याने बोला, आणि ती वेळ मोडू नका

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला प्रत्येकासाठी अर्धा तास. हा अर्धा तास त्या माणसाचा असतो, कामाच्या अहवालाचा नसतो. तो बोर्डवर दिसतोच. 'कसं चाललंय?' विचारलं की 'ठीक' असं उत्तर येतं. थोडं नेमकं विचारा. या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? कुणाच्या उत्तराची वाट बघावी लागतेय? मी काय करणं थांबवावं? तुझ्या कोणत्या कामाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही?

शेवटचा प्रश्न मी फार उशिरा विचारायला लागलो आणि त्यातून मला सगळ्यात जास्त कळलं. दूरच्या टीममध्ये बरंच चांगलं काम दिसतच नाही. कुणी नव्या मुलाला रोज तासभर शिकवत असतं, कुणी जुन्या फाइली नीट लावत असतं.

कामाची गर्दी झाली की सगळ्यात आधी या भेटी रद्द होतात. पुढे ढकला, पण रद्द करू नका. तिसऱ्यांदा रद्द केलीत की समोरचा काय अंदाज बांधेल, ते सुरुवातीच्या गोष्टीवरून कळलंच असेल.

पायरी ७: हिरवा ठिपका मोजू नका, काम मोजा

माणूस दिसत नाही, दिसतो तो चॅटमध्ये नावाशेजारचा 'ऑनलाइन' असल्याचा हिरवा ठिपका, म्हणून नव्या लीडला धास्ती वाटते: काम करतोय ना? ही धास्ती खरी आहे, तिची लाज वाटू देऊ नका. पण माउस हलतोय का हे बघणारी, दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो घेणारी सॉफ्टवेअर हा तिच्यावरचा उपाय नव्हे. त्यातून लोक माउस हलवायला शिकतात.

घरून काम केल्याने काय होतं, यावरचा एक नावाजलेला प्रयोग निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केला. तो २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांनी नऊ महिने घरून काम केलं आणि त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. मोठा भाग कमी सुट्ट्या आणि कमी मध्यंतरांचा, बाकीचा शांत जागेचा. कॉल सेंटरचं काम मोजायला सोपं असतं, तेव्हा हा आकडा सगळीकडे लावू नये. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला जास्त अस्वस्थ करते: घरून काम करणाऱ्यांना, कामगिरीच्या मानाने, बढती कमी मिळाली. डोळ्यांसमोर नसलेला माणूस बढतीच्या यादीतही मागे पडतो. आणि प्रयोगानंतर निवड करायला सांगितली तेव्हा अनेक जण ऑफिसात परत आले; एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण होतं.

म्हणून दर महिन्याला एक काम करा. टीमच्या प्रत्येकाच्या नावापुढे, त्याने या महिन्यात काय केलं ते दोन ओळींत लिहा. ज्याच्या नावापुढे पेन थांबतं, त्याच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. आळशी कोण, हे ठरवायच्या आधी तेवढं तपासा. बढती, पगारवाढ, चांगला प्रकल्प यांची चर्चा होते तेव्हा हा कागद सोबत ठेवा आणि दूरच्या माणसाचं नाव तुम्ही घ्या.

पायरी ८: नवा माणूस आला की

पहिल्या दिवसाआधी लॅपटॉप, पासवर्ड, परवानग्या तयार. पहिला आठवडा तासातासाचा आखून द्या, कारण रिकामं बसलेल्या नव्या माणसाला आपण विसरले गेलोय असं वाटतं. एक सोबती नेमून द्या, लीड सोडून दुसरा, ज्याला मूर्ख वाटणारे प्रश्न बिनधास्त विचारता येतील. आणि पहिल्या आठवड्यातच काहीतरी छोटं पूर्ण करून पाठवता येईल असं काम द्या.

नव्या माणसाला आणखी एक जबाबदारी द्या: जिथे जिथे अडला, तिथे सूचनांचं पान दुरुस्त करायचं. त्याचे डोळे ताजे असतात. महिन्याभराने त्यालाही त्या अडचणी दिसेनाशा होतात.

पायरी ९: कडू गोष्ट आणि भांडण

एकाच विषयावर तीनदा उलटसुलट मेसेज झाले आणि सूर चढतोय असं वाटलं, तर लिहिणं थांबवा आणि फोन करा. फोन संपल्यावर काय ठरलं ते चॅनेलवर दोन ओळींत टाका, म्हणजे भांडण बघत बसलेल्यांचाही जीव भांड्यात पडेल.

कौतुक सगळ्यांसमोर आणि लेखी करा, नेमकं काय आवडलं ते सांगून. चूक मात्र आवाजात सांगा, एकट्याला, शक्य तितक्या लवकर. आणि त्या कॉलचं निमंत्रण पाठवताना विषय लिहा. 'बोलायचं आहे' एवढंच लिहू नका. 'मंगळवारच्या डेमोत काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं, यावर २० मिनिटं बोलू. तुझ्या नोकरीवर किंवा मूल्यमापनावर याचा परिणाम नाही,' हे खरं असेल तर असंच लिहा. खरं नसेल तर तेही प्रामाणिकपणे सांगा.

पायरी १०: टीमच्या बाहेरची दारं उघडी ठेवा

मायक्रोसॉफ्टमध्ये २०२०च्या पहिल्या सहा महिन्यांत ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या संवादाचा अभ्यास झाला. सगळे घरून काम करायला लागल्यावर लोकांची वर्तुळं जास्त बंदिस्त झाली होती. आपल्या गटातलं बोलणं टिकलं, पण वेगवेगळ्या गटांना जोडणारे धागे विरळ झाले. हे कुणी ठरवून करत नाही. वाटेत, जिन्यात, दारात होणाऱ्या भेटी बंद होतात, एवढंच.

महिन्यातून एकदा दुसऱ्या टीममधल्या कुणाला तरी अर्धा तास बोलवा आणि त्यांचं काम समजून घ्या. वर्षातून एकदा-दोनदा प्रत्यक्ष भेटता आलं तर त्या दिवसांत सादरीकरणं भरू नका. ती पडद्यावर होतात. भेटीत अवघड योजना, जुने रुसवे आणि एकत्र जेवण यांना वेळ ठेवा. एकदा समोरासमोर हसलेल्या माणसाचा कोरडा मेसेजही नंतर कोरडा वाटत नाही.

एवढं सगळं बसवायला साधारण तीन महिने लागतात. एकदम सुरू करू नका. आधी वेळांचा तक्ता, मग संवादाचा करार, मग निर्णयांची वही, बाकीचं त्यामागून. तीन महिन्यांनी एक आठवड्याची सुट्टी घ्या, खरीखुरी, चॅट बंद करून. परत आल्यावर तुमच्यासाठी अडून राहिलेले प्रश्न एका जागी लिहून काढा. त्यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक तर न लिहिलेलं पान असेल किंवा न दिलेला अधिकार. यादीतला पहिला प्रश्न घ्या आणि त्याच दिवशी ते पान लिहायला बसा.